हिरव्या खणाखालची टोपली

१

"दयाबाई! अहो दयाबाई, मैना गेली!"

योसेफ मास्तरांची हाक आली तेव्हा मी सुया उकळायला ठेवत होते. दवाखान्यात कुणी 'गेली' म्हटलं की त्याचा अर्थ एकच. हातातला चिमटा टाकला, धावत पडवीत आले आणि विचारलं, "कुठल्या खाटेवरची?"

"खाटेवरची नाही हो, शेडमधली! गाडी! गाडी चोरीला गेली!"

शिरूरच्या मिशन आवारातल्या दवाखान्याची मी मेट्रन. माझा स्वभाव तापट आहे, तोंड फटकळ आहे, पण हरवलेली वस्तू शोधून काढण्यात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नाही. आता यात बढाई कसली, खरं आहे ते सांगते. योसेफ मास्तर आमच्या कमिटीचे चिटणीस. माणूस प्रामाणिक, फक्त समोरचा काय बोलतोय ते ऐकायची त्यांना सवय नाही.

आणि मैना म्हणजे गाडी. महाराष्ट्र राज्य झालं त्या सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. दौंडच्या सोपानरावांची ही जुनी अमेरिकन स्टेशन वॅगन. झेंडू-शेवंतीचे मळे असलेलं मोठं खटलं, सगळं घरदार एका खेपेत मावावं म्हणून त्यांनी ती लष्करी लिलावातून घेतली होती. त्यांची थोरली लेक वडगाव रासाईला दिलेली. तिचं बाळंतपण अडलं तेव्हा तिला याच गाडीत घालून आमच्याकडे आणलं. आई आणि बाळ दोघं वाचली. सोपानरावांच्या म्हाताऱ्या आईनं, नकुशाबाईंनी, तिथंच माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ही गाडी आता तुमची. बैलगाडीत कुनाची लेक मरू नये."

बोलल्याप्रमाणे त्यांनी रविवारी गाडी आणून दिली. आणि गुरुवारी सकाळी शेड रिकामी.

"पोलिसात वर्दी द्यायलाच हवी," मास्तर म्हणाले. "चोर कोण ते उघड आहे."

"कोण?"

"गाडीची किल्ली कुणाच्या गळ्यात असते?"

किल्ली नथानिएलच्या गळ्यात असायची.

२

नथानिएल आमचा नवा ड्रायव्हर. वय तिशीच्या आसपास, लष्करात ट्रक चालवून आलेला. त्याला आईबाप नाहीत, तो मिशनच्या बोर्डिंगात वाढला. मे महिन्याची सुटी लागली की सगळ्या पोरांना न्यायला कुणी ना कुणी यायचं. हा आपली पत्र्याची पेटी भरून फाटकाच्या पायरीवर बसायचा. न्यायला कुणी येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं, तरी बसायचा. शेवटी मीच त्याचा कान धरून आत आणायची आणि जेवायला वाढायची. त्याला ही नोकरी मी दिली होती, माझ्या जबाबदारीवर.

"बाई, मी चोरी केली नाही," तो एवढंच म्हणाला. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात तशीच होती.

"मग प्रार्थनेला उशिरा का आलास? हात का काळे होते?" मास्तर कडाडले.

डिसेंबरात नाताळपर्यंत आमच्याकडे रोज पहाटे प्रार्थना असते. आवारातलं झाडून सगळं माणूस देवळात असतं. नथानिएल खरंच दुसऱ्या गीताला आला होता.

"गाडीत पाणी भरत होतो. ऑइल बघितलं. आलो तेव्हा गाडी शेडमध्ये होती."

"आणि निघालो तेव्हा नव्हती! तू साथीदाराला किल्ली दिलीस, तो गाडी घेऊन पसार झाला, आणि नंतर तू किल्ली परत घेतलीस. ती गाडी हँडल मारल्याशिवाय चालू होत नाही, आणि हँडल उलटा झटका देतं. नवखा असता तर मनगट मोडून इथंच पडला असता!"

हे मात्र मास्तरांचं बरोबर होतं. गाडी माहीतगारानंच नेली होती.

मी शेडमध्ये गेले. कडी शाबूत, नथानिएलनं पहाटे काढलेलं कुलूप खिळ्याला नीट अडकवलेलं. आमचं स्ट्रेचर आणि औषधांची पेटी गाडीतच असायची. ती दोन्ही खाली काढून ठेवलेली होती, तीही मातीत नाही, खाली धुतलेलं गोणपाट अंथरून. मी तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिले. चोर गाडी नेतो आणि आमच्या पेटीला धूळ लागू नये म्हणून गोणपाट अंथरतो? असला शहाणा चोर मी जन्मात पाहिला नव्हता.

बाहेर आले तर मास्तर पडवीच्या कट्ट्यावर बसून काहीतरी चावत होते. शेजारी वेताची टोपली.

"हे काय?"

"नाताळचा फराळ. दबोराबाईंनी पाठवला असेल. करंज्या. घ्या ना, मी तिसरी खातोय."

इथं नाताळाच्या दिवसांत या घरच्या करंज्या त्या घरी जातात. टोपली दिसली तर कुणी दिली असं आम्ही विचारतसुद्धा नाही, थेट हात घालतो. पण माझे डोळे टोपलीवर खिळले. आमच्याकडे तळण निघतं ते नाताळच्या आदल्या आठवड्यात, त्याला अजून अवकाश होता. आणि टोपलीवर झाकलेलं कापड साधा पंचा नव्हता. कोरा, हिरवागार चोळीचा खण होता. त्याच्या काठाला हळदीचं बोट लागलेलं होतं.

"दबोराबाई हळदीचं बोट लावून फराळ पाठवायला लागल्या वाटतं?" मी म्हटलं.

मास्तरांनी लक्षच दिलं नाही. त्यांनी नथानिएलला कमिटीच्या खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. "दिवे लागायच्या आत गाडी आली नाही तर मी स्वतः वर्दी देईन. दयाबाई, तुमच्या शब्दावर त्याला ठेवला होता, हे कमिटी विसरणार नाही."

"कमिटी गेली खड्ड्यात," मी म्हटलं. "चपला घाला. आपण दौंडला चाललोय."

"मी? मी कशाला?"

मी खण घडी करून पिशवीत टाकला. "कारण चोराला तुम्ही ओळखता, मास्तर."

३

मास्तरांच्या घशात करंजी अडकली ती एस.टी. सुटेपर्यंत. मी गप्प बसले की ते घाबरतात, आणि घाबरले की खरं बोलतात.

"तुम्हाला म्हणायचंय काय? मी चोरली?"

"तुम्हाला सायकल धड चालवता येत नाही. रविवारचं आठवा. नकुशाबाई तुमच्याशी काय बोलल्या?"

रविवारी गाडी आली तीच सजून. झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकू, पुढच्या सीटवर तांदूळ आणि नारळ. नकुशाबाईंनी गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि ढसाढसा रडल्या. नंतर मी एका पेशंटकडे वळले, पण लांबून पाहिलं होतं. म्हातारीनं मास्तरांचे दोन्ही हात धरले होते आणि बराच वेळ काहीबाही सांगत होती. मास्तर मान डोलवत होते आणि डोळे फोटोवाल्याकडे.

"म्हाताऱ्या बायका काय बोलतात?" मास्तर म्हणाले. "मी आपलं होय होय म्हटलं. प्रभूची इच्छा म्हटलं."

"बरोबर," मी म्हटलं. "तेच विचारत होते."

न्हावऱ्याला एस.टी. थांबली. मी खाली उतरून चहावाल्याला विचारलं, मोठी वॅगन गेली का इकडून?

"गेली की! सकाळच्या पारी. दौंडच्या अंगाला. लई झोकात चालली व्हती. ड्रायव्हरनं च्या बी घेतला न्हाई, म्हनला उशीर हुतोय."

"ड्रायव्हर कसा होता?"

"म्हातारासा. मिशा पांढऱ्या. डोक्याला नवा कोरा फेटा, कडक इस्त्रीचा. म्या म्हनलं, पाव्हनं, लगीन हाय का काय? तर नुसता हसला."

मास्तर माझ्या मागं येऊन उभे होते. त्यांनी माझा दंड धरला. "पांढऱ्या मिशा! तो मल्हारी! सोपानरावांचा जुना ड्रायव्हर! गाडी दान झाली म्हणून त्याची चाकरी गेली. सूड घेतला त्यानं!"

"म्हणजे नथानिएल सुटला?"

"छे! नथानिएल त्याचा साथीदार!"

या माणसाच्या एक सणसणीत थोबाडीत मारावी असं वाटलं, पण एस.टी.चा कंडक्टर घंटी मारत होता.

४

दौंडच्या स्टेशनाबाहेर फुलांच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या. मुंबईच्या गाडीला माल चढवायची घाई होती. तिथं सोपानरावांचे धाकटे भाऊ सर्जेराव हमालांवर ओरडत होते. गाडी दान करायला घरात एकट्या सर्जेरावांचा विरोध होता, आणि हे साऱ्या दौंडला माहीत होतं. एक रस्त्याचा कंत्राटदार गाडी मागत होता आणि यांनी त्याला जवळजवळ शब्द दिला होता.

मी सरळ विचारलं, "सर्जेराव, गाडी कुठाय?"

"कुठली?"

"मैना. आज सकाळी आमच्या शेडमधनं गेली."

त्यांचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि मग लाल झाला. "म्हंजी? माझ्यावर आळ घेताय व्हय? मला गाडी इकायची व्हती, व्हय, इकायची व्हती! आईसंगं भांडलो बी. पन एकदा दिली ती दिली. त्या कंत्राटदारानं कवाच दुसरी घेतली. इचारा जाऊन."

त्यांचं बोलणं मला पटलं. खोटं बोलणारा माणूस आधी नाही म्हणतो. हे आधी 'विकायची होती' म्हणाले.

"मल्हारी कुठे आहे?"

"तेच इचारायला लागलोय सकाळपासनं. काल माल न्यायला ट्रकवर बोलावला तर म्हनला, मालकिणीचं काम हाय. आईनं त्याला नवा फेटा घिऊन दिला, नवं धोतर दिलं. कशापायी ते मला कोन सांगतंय? घरात समद्या बाया कालपासनं तळण तळत्यात, मला उंबऱ्याच्या आत घेत न्हाईत. म्हंत्यात, बाप्यांचं काम न्हाई."

"बघा!" मास्तर ओरडले. "म्हातारीनंच मल्हारीला फितवलं! दिलेलं दान परत चोरायला लावलं! काय हा अधर्म!"

सर्जेरावांनी बाह्या सरसावल्या. "ए मास्तर! माझ्या आईला चोर म्हन्तोस?"

मी दोघांच्या मधे उभी राहिले. "सर्जेराव, हात खाली. मास्तर, तोंड बंद. चोरी झालेलीच नाही. आणि घरी चला दोघंही, गाडी तिथंच उभी आहे."

५

मळ्याच्या वाटेवर मास्तर धापा टाकत माझ्यामागं येत होते. "चोरी नाही? मग काय आहे?"

"आता ऐका, मधे बोलू नका. नथानिएलच्या गळ्यातली किल्ली हलली नाही तरी गाडी निघाली, म्हणजे गाडीची दुसरी किल्ली होती. ती देणाऱ्याच्या घरीच असणार. नेणाऱ्यानं आमचं सामान उतरवून नीट ठेवलं, म्हणजे त्याला आमचं काही न्यायचं नव्हतं, गाडीही परत येणार होती. भर रस्त्यानं, नवा फेटा बांधून गेला. फेटा बांधून कुणी चोरीला जातं का हो? फेटा बांधून माणूस मानानं जातो. आणि जाताना टोपली ठेवून गेला, वर हिरवा खण. आता सांगा, हिरवा खण आणि करंज्यांची शिदोरी घेऊन, फेटा बांधून, कोण कुणाच्या दारात जातो?"

मास्तर लहानपणापासून बोर्डिंगात वाढलेले, सारं आयुष्य शाळेत गेलेलं. त्यांना कुठून कळणार!

सर्जेरावांनी मात्र कपाळावर हात मारला. "आयला! मुराळी!"

"मुराळी," मी म्हटलं. "लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो तो. रविवारी त्यांनी गाडी दिली नाही मास्तर, लेक दिली. कुंकू लावलं, ओटी भरली, रडल्या. रविवारपासून आज कितवा दिवस?"

मास्तर बोटं मोजायला लागले.

"पाचवा," सर्जेराव म्हणाले. "पाचपरतावण! लग्नानंतर पाचव्या दिशी लेक माहेरी आनायची रीत! अरं देवा, आईनं गाडीची परतावण मांडली!"

वाड्याच्या अंगणात मैना उभी होती. न्हाऊमाखू घातल्यासारखी चकचकीत, काचेवर शेवंतीची वेणी, बॉनेटवर नवं कुंकू. सोपानरावांच्या सगळ्या माहेरवाशिणी भोवती जमलेल्या, कुणी पुसतेय, कुणी ओवाळतेय. पायरीवर नव्या फेट्यातला मल्हारी बसला होता. मागच्या सोप्यावरून नकुशाबाई काठी टेकत आल्या आणि मास्तरांना बघून त्यांचा चेहरा फुलला.

"आलात व्हय! व्याही स्वतः न्यायला आलं! मल्हारी, अरं पाट मांड!"

मास्तरांचे डोळे पांढरे झाले.

"तुम्ही सांगितलं होतं ना यांना?" मी विचारलं.

"सांगितलं की! मास्तरांचं दोन्ही हात धरून सांगितलं, पाचव्या दिशी आमचा मुराळी यील, मैनेला धाडून द्या, दिवस बुडायच्या आत माघारी पोचती करू. तर म्हनले, व्हय व्हय, परभूची विच्छा. मला लई बरं वाटलं. म्हनलं, मानसं देवाची हायेत, पर आपल्या रीतीला न्हाई म्हनत न्हाईत."

"आन् म्या बी हाक मारली," मल्हारी म्हणाला. "पर समदे देवळात, गानं चाललेलं. देवाच्या दारात बोंबलायचं का? मालकीण म्हनल्या व्हत्या, मास्तरांना ठाव हाय. शिदोरी कट्ट्यावर ठिवली आन् आलो."

"शिदोरी खाल्लीत का?" नकुशाबाईंनी मास्तरांना विचारलं.

"तीन," मी उत्तर दिलं.

सगळ्या बायका खदखदा हसल्या. मास्तरांनी मान खाली घातली. मला हसू आवरत नव्हतं, पण नथानिएलची आठवण झाली आणि ते जिरलं.

"आजी," मी म्हटलं, "गाडीची परतावण कधी कुणी करतं का हो?"

नकुशाबाई सोप्याच्या पायरीवर बसल्या. "बाई, माझं नाव नकुशी. बापाला अजून एक पोरगी नको व्हती, म्हनून ह्ये नाव. लगीन झालं. पाचव्या दिशी न्हाऊन, लुगडं नेसून उंबऱ्यात बसले. समद्यांच्या पोरींना न्यायला येत्यात, मला बी येतील. दिवस बुडाला. कुनी आलं न्हाई. कवाच आलं न्हाई. तवाच ठरावलं, माझ्या दारातनं जी जाईल तिला आनायला मानूस जाईल. माझ्या समद्या नाती ह्याच गाडीतनं परतावणीला आल्या. मंग जी समद्यांना घिऊन आली, तिला आनायला कुनी जायचं न्हाई व्हय?"

मी पदरानं सरळ डोळे पुसले. मग नथानिएलचं सगळं सांगितलं. कडी, वर्दी, पत्र्याची पेटी, फाटकाची पायरी.

म्हातारी ताडकन उठली. "आन् त्यो पोरगा माझ्यापायी कोंडलाय? अगं पोरींनो, ओटी भरा बिगीनं! मल्हारी, हँडल मार! व्याही, उठा!"

६

परतीला मल्हारी चालवत होता. पुढं मास्तर, डोक्याला केशरी फेटा. व्याह्याला बिनफेट्याचं पाठवायचं नाही म्हणून सर्जेरावांनी स्वतः बांधला होता, आणि जरा जास्तच घट्ट बांधला होता असा माझा संशय आहे. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर दुसरी टोपली.

फाटकात आलो तेव्हा सूर्य कलला होता. राहेल सिस्टर कंदील पुसत पडवीत उभी होती. मी कमिटीच्या खोलीकडे निघाले तर मास्तरांनी मला अडवलं.

"नको. मी जातो."

त्यांनी कडी काढली. नथानिएल खिडकीशी बसला होता. पायाशी तीच पत्र्याची पेटी, भरून, कुलूप लावून तयार. खोलीत कोंडलेल्या माणसाजवळ पेटी कुठून आली? सिस्टरनं नंतर सांगितलं, त्यानंच मागून घेतली होती. पोलीस नेतील तेव्हा शोधाशोध नको म्हणाला.

मास्तर दारात थबकले. फेटा, धुळीनं भरलेलं तोंड. नथानिएल उठून उभा राहिला आणि त्यानं पेटी उचलली.

"चला मास्तर. चौकीवर ना?"

मास्तर पुढं झाले आणि त्यांनी त्याच्या हातातली पेटी स्वतःच्या हातात घेतली.

"नाही रे," ते म्हणाले. "चूक माझी होती, सगळी माझी. घरी चल. मी तुला न्यायला आलोय."

नथानिएल माझ्याकडे बघायला लागला, त्याला काही समजेना. मी टोपलीवरचा हिरवा खण बाजूला केला आणि त्याच्या हातावर करंजी ठेवली.

"खा आधी," मी म्हटलं. "दौंडहून आलीय, खास तुझ्यासाठी. आणि पुढच्या सुटीला पेटी भरून ठेव. आजीनं सांगितलंय, मल्हारी येईल."